दोन चिमण्या

"चिमणीचे चित्र काढा" असे सांगितल्यावर सगळ्यांच्या कागदावर पक्षीच उमटेल, असे आम्ही गृहीत धरले होते. शाळा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातली आणि वर्ग सहावीचा. तीन मुलांनी उंच धुराडे काढले आणि त्यातून निघणारा काळा धूर मन लावून रंगवला. त्यांचे उत्तर चूक कसे म्हणणार? कारखान्याच्या धुराड्याला मराठीत चिमणीच म्हणतात, आणि त्या मुलांच्या खिडकीतून तीच आधी दिसते.

चित्र ही केवळ सुरुवात होती. खरे काम पुढे होते. शाळेत येता-जाता आठवडाभर चिमण्या मोजायच्या आणि रोजचा आकडा वहीत लिहायचा. शनिवारी वह्या पाहिल्या. कोणाच्या पाच, कोणाच्या सात, कोणाच्या बारा. एका मुलीने मात्र एका दिवसात बासष्ट चिमण्या मोजल्या होत्या. तिच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. तिच्या घरी हिंदी बोलतात. चिमणी म्हणजे काय, हे तिने शेजारी विचारले होते आणि 'चिडिया' असे उत्तर मिळाले होते. हिंदीत चिडिया म्हणजे कोणताही लहान-मोठा पक्षी. तिने कावळे, कबुतरे, साळुंक्या, सगळे प्रामाणिकपणे मोजले होते. तिची मोजणी बिनचूक होती. चूक प्रश्न विचारणाऱ्या आमची होती.

एका साध्या नावामुळे निरीक्षण असे फसू शकते. म्हणून आम्ही ठरवले, की आधी नावाचाच अभ्यास करायचा.

फळ्यावरची अकरा नावे

या कामाला पिंपरी-चिंचवडसारखी जागा शोधून सापडणार नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६०च्या दशकापासून औद्योगिक वसाहत वाढत गेली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. कामाबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांच्या भाषा. आज येथल्या एकाच वर्गात पाच-सहा मातृभाषांची मुले सहज असतात.

आम्ही मुलांना पक्ष्याचे छापील चित्र दिले. नराचे डोके राखाडी आणि गळ्यावर काळा डाग, मादी मातकट तपकिरी आणि डोळ्यामागे फिकट पट्टा. चित्र घरी दाखवायचे आणि "याला आपल्यात काय म्हणतात?" एवढेच विचारायचे. काही नावे वर्गातून आली, काही शेजारपाजारहून. फळ्यावर यादी झाली ती अशी: मराठी चिमणी, हिंदी गौरैया, पंजाबी चिडी, सिंधी झिरकी, गुजराती चकली, बंगाली चडुइ, ओडिया घरचटिआ, कन्नड गुब्बच्ची, तेलुगू पिच्चुक, तमिळ चिट्टुक्कुरुवी आणि मल्याळम अंगाडिक्कुरुवी.

'चकली' ऐकताच वर्ग हसला. दिवाळीच्या फराळात चिमणी कशी? पण गुजराती घरात फराळाच्या पदार्थाला 'चकरी' म्हणतात, तेव्हा तेथे घोटाळा होत नाही. पक्षी एकच, मग नावे इतकी वेगवेगळी का, हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला.

नाव ठेवताना माणूस काय पाहतो?

पक्ष्याला नाव देताना माणूस त्याचा एखादाच गुण उचलतो. कोणता गुण उचलायचा, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते.

मराठीने आकार पाहिला. 'चिमणा' हे आपल्याकडे विशेषण आहे आणि ते तिन्ही लिंगांत चालते: चिमणा जीव, चिमणी बाहुली, चिमणे बाळ. 'चिमुकला' आणि 'चिमुरडा' हे शब्द त्याच गोतावळ्यातले, आणि त्यांचा पक्ष्याशी काही संबंध नाही. यावरून 'लहान' हा अर्थ आधीचा आणि पक्ष्याचे नाव त्यावरून पडलेले, असे मानणे सयुक्तिक ठरते. चिमणाजी, चिमणाबाई ही जुनी नावेही याच शब्दातली. तमिळ माणसाने नेमका हाच विचार केला. 'चिट्टु' म्हणजे लहान, 'कुरुवी' म्हणजे छोटा पक्षी. शब्द निराळे, कल्पना एकच.

ओडिया आणि मल्याळम भाषांनी पक्षी राहतो कोठे, हे पाहिले. 'घरचटिआ' या नावात घर उघडच दिसते. मल्याळममध्ये 'अंगाडी' म्हणजे बाजार. धान्याच्या दुकानासमोर सांडलेले दाणे टिपणारा तो बाजारपक्षी. कन्नडमध्ये 'अंगडी' म्हणजे दुकान, आणि अंगडी हे आडनाव आपल्याकडे सीमाभागात ओळखीचे आहे. बाजाराच्या दिवशी पोत्यांभोवती उतरणारे थवे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे मल्याळम नाव समजावून सांगावे लागत नाही. तमिळमध्ये 'ऊर्क्कुरुवी' असेही म्हणतात. 'ऊर' म्हणजे गाव.

ही घरे, गावे आणि बाजार नावांत उगाच आलेले नाहीत. हा पक्षी माणसाच्या वस्तीपासून दूर क्वचितच राहतो. माणूस शेती करून धान्य साठवू लागला, तेव्हापासून ही सोबत जुळली, असे शास्त्रज्ञ मानतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरचिमणी आणि माणसापासून दूर राहणारी तिची एक उपजात यांच्या जनुकांची तुलना केली होती. कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांत फरक आढळले. आपल्या धान्याने चिमणीचे शरीरही थोडे बदलले, असा त्याचा अर्थ.

फ्रेंचांनी रंग पाहिला. त्यांच्या 'म्वानो' या नावामागे 'म्वान', म्हणजे मठवासी साधू, हा शब्द आहे. पिसांचा तपकिरी रंग पाहून त्यांना साधूची कफनी आठवली. आणि आपली लहान मुले? ती आवाज ऐकतात आणि तिला 'चिऊ' म्हणतात. चिव-चिव ऐकून चिऊ आणि काव-काव ऐकून काऊ. आवाजावरून पक्ष्यांची नावे पडतात, हे आपल्याकडे फार पूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आले होते. यास्काने 'निरुक्ता'त काक हे नाव ध्वनीचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे नोंदवले आहे. औपमन्यव नावाच्या आचार्यांना हे मान्य नव्हते, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे.

सारखेपणा फसवा असतो

दोन शब्द सारखे दिसले की त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण सारखेपणाला निदान चार कारणे असू शकतात. शब्द एकाच पूर्वजापासून आलेले असतील. एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले असतील. दोघींनी स्वतंत्रपणे एकाच आवाजाची नक्कल केली असेल. किंवा तो निव्वळ योगायोग असेल.

चकलीचे उदाहरण योगायोगाचे. फराळाची चकली ही कन्नड 'चक्कुली'ची बहीण, आणि दोघींचे नाते संस्कृत 'शष्कुली' या तळलेल्या पदार्थाच्या नावाशी जोडले जाते. गुजराती पक्ष्याचा तिच्याशी संबंध नाही.

आता आपल्या दोन चिमण्यांकडे येऊ. कारखान्यावरची चिमणी इंग्रजीतून आली. इंग्रजीने ती जुन्या फ्रेंचमधल्या 'चेमिने' या शब्दापासून घेतली होती. फ्रेंच शब्द लॅटिन 'कामिनाता' म्हणजे शेकोटीची खोली यापासून, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'कामिनोस' म्हणजे भट्टी. 'कामि'चे 'चिम' कसे झाले? त्याला नियम आहे. लॅटिनमधल्या 'का'चा जुन्या फ्रेंचमध्ये 'च' होत असे. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली. तोच शब्द सरळ लॅटिनमधून आला तेव्हा 'कॅमेरा' झाला आणि फ्रेंचच्या वाटेने आला तेव्हा 'चेंबर'. फोटोचा कॅमेरा आणि रस्त्यावरचे गटाराचे चेंबर मुळात एकच शब्द आहेत! जर्मन भाषेने 'कामिन' हे रूप जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. म्हणजे जर्मन 'कामिन' आणि आपली धुराची चिमणी कानाला वेगळ्या वाटतात, पण त्या नात्यातल्या आहेत. पक्षी चिमणी आणि धुराची चिमणी मात्र अक्षरश: एकसारख्या असून एकमेकींच्या कोणी नव्हेत.

मग मराठीत त्या एकसारख्या झाल्या कशा? हिंदीत धुराड्याला 'चिमनी' म्हणतात, 'न'ने. मराठीने त्या 'न'चा 'ण' केला, तो बहुधा ओळखीच्या पक्ष्याचे नाव आधीपासून जिभेवर होते म्हणून. परका पाहुणा घरातल्याच कोणाचे कपडे घालून बसावा, तसे हे झाले.

तिसरी चिमणी जुन्या शिक्षकांना आठवत असेल: वीज नसलेल्या घरातली रॉकेलची चिमणी. ती लहान दिवा म्हणून चिमणी, असे म्हणता येते. आणि दिव्याच्या काचेलाही इंग्रजीत तेच नाव असल्याने तिकडूनही येथपर्यंत पोहोचता येते. दोन्ही वाटा खुल्या असताना घाईने निकाल देऊ नये, हा धडा मुलांना येथे चांगला शिकवता येतो.

नाते ओळखायचे कसे?

कसोटी एकच: बदल नियमित हवा. एकाच शब्दात दिसणारा बदल पुरावा होत नाही. तोच बदल अनेक शब्दांत दिसायला हवा.

संस्कृतात चिमणीला 'चटक' म्हणतात. पंचतंत्रात हत्तीला धडा शिकवणारे चटक-दांपत्य आहे. आता हे शब्द पाहा: वट आणि वड, घट आणि घडा, कटु आणि कडू, घोटक आणि घोडा. दोन स्वरांमधल्या 'ट'चा पुढे 'ड' झाला. हा नियम बंगालीतही चालतो. मग चटक आणि बंगाली 'चडुइ' यांचे नाते सांगताना आपण अंदाज करत नाही, नियम लावत असतो. ओडिया 'चटिआ'त 'ट' टिकून आहे. असे दिसले की तो शब्द संस्कृतातून नंतर पुन्हा घेतला असेल का, की मधल्या टप्प्यात 'ट'चे द्वित्त झाले असेल, हे तपासावे लागते. नियमाला अपवाद दिसला तर तो झाकायचा नसतो. त्याचे कारण शोधायचे असते. विज्ञानाच्या तासाला आपण हेच तर सांगतो.

याच कसोटीने न दिसणारी नातीही सापडतात. घरचिमणीचे शास्त्रीय नाव 'पॅसर डोमेस्टिकस'. लॅटिनमध्ये 'पॅसर' म्हणजे चिमणी, आणि 'डोमेस्टिकस' म्हणजे घरगुती. हा शब्द 'डोमुस' म्हणजे घर यावरून आला. वैदिक संस्कृतात घराला 'दम' म्हणत. त्याचाच अवशेष 'दंपती' या शब्दात राहिला आहे. दंपती म्हणजे मुळात घराचे धनी. लॅटिन 'डोमुस' आणि संस्कृत 'दम' हे एकाच पूर्वज शब्दाचे वंशज आहेत. लग्नपत्रिकेतले 'दंपती' आणि पक्षिशास्त्राच्या पुस्तकातले 'डोमेस्टिकस' यांच्यात रक्ताचे नाते आहे, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

नाव पसरते तेव्हा

आता त्या बासष्ट चिमण्यांकडे परत जाऊ. जो पक्षी रोज अंगणात दिसतो, त्याचे नाव हळूहळू सगळ्याच पक्ष्यांना लावले जाते. लॅटिन 'पॅसर' म्हणजे फक्त चिमणी. त्याच शब्दापासून आलेला स्पॅनिश 'पाहारो' म्हणजे कोणताही छोटा पक्षी, आणि रुमानियन 'पासरे' म्हणजे पक्षी. ग्रीकांनी तर कमाल केली. त्यांच्या भाषेत 'स्त्रुथोस' म्हणजे चिमणी, आणि शहामृग म्हणजे 'मोठी स्त्रुथोस'! शहामृगाच्या शास्त्रीय नावात, 'स्ट्रुथिओ कॅमेलस' यात, ती चिमणी अजून बसलेली आहे. पंजाबीतली 'चिडी' चिमणीही असते आणि कोणताही छोटा पक्षीही. हिंदीतली चिडिया तर सगळ्याच पक्ष्यांची झाली आहे. आमच्या विद्यार्थिनीने ग्रीकांपेक्षा वेगळे काही केले नव्हते.

उलटही घडते. एकाच नावाखाली अनेक जाती दडतात. १९०८च्या सुमारास मुंबईत खेतवाडीत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी निघाली, आणि तो मुलगा पुढे पक्षितज्ज्ञ सलीम अली म्हणून जगाला माहीत झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातही चिमणी आहे. "चिमणी तर आहे" एवढ्यावर घरच्यांनी समाधान मानले असते, तर ही गोष्ट घडलीच नसती.

चीनमध्ये १९५८ पासून धान्य वाचवण्यासाठी चिमण्या मारण्याची मोहीम झाली, असे आपण वाचतो. तेथे मारलेल्या चिमण्या प्रामुख्याने आपल्या घरचिमण्या नव्हेत. ती वृक्षचिमणी, 'पॅसर मोंटॅनस', ही निराळी जात. चिमण्या धान्याबरोबर कीडही खातात, हे उशिरा पटले आणि १९६० मध्ये त्यांना शत्रूंच्या यादीतून वगळले.

अशा गोंधळातून वाट काढण्यासाठी शास्त्रीय नाव असते. लिनियसने १७५८ मध्ये घरचिमणीला 'फ्रिंजिला डोमेस्टिका' म्हटले. 'पॅसर' ही प्रजाती ब्रिसनने १७६० मध्ये वेगळी केली. तेव्हापासून कोणत्याही देशात 'पॅसर डोमेस्टिकस' म्हटले, की एकच पक्षी डोळ्यांसमोर येतो.

वर्गात काय करता येईल?

हा सगळा खटाटोप कशासाठी? चिमण्या कमी झाल्या, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात, पंचवीसहून अधिक वर्षांच्या नोंदींवरून, देशभरात घरचिमण्यांची संख्या साधारण स्थिर असल्याचे, पण सहा मोठ्या महानगरांत ती घटल्याचे दिसले. हा अहवाल पक्षिनिरीक्षकांनी हौसेने केलेल्या नोंदींवर उभा होता. अशा नोंदी आपल्या शाळांतूनही जाऊ शकतात. पण वहीतल्या 'चिमणी' या शब्दाखाली कोणी साळुंकी मोजली आणि कोणी कबुतर, तर त्या आकड्यांचा काय उपयोग?

आम्ही दुसऱ्या वेळी मोजणी केली तेव्हा क्रम बदलला. आधी चित्र, मग घरच्या भाषेतले नाव, मग शास्त्रीय नाव आणि शेवटी मोजणी. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही गोष्टी होत्या. नर आणि मादी यांचे रकाने वेगळे ठेवले, त्यामुळे पक्षी नीट पाहिल्याखेरीज आकडा लिहिताच येईना. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्याची कल्पना नाशिकच्या संस्थेची. सुरुवात त्या दिवशी केली तर औचित्यही साधेल. चिमणीनंतर कावळा, साळुंकी, टिटवी असे एकेक नाव घेता येईल.

एक पथ्य मात्र पाळावे. मुलाने घरून आणलेले नाव 'चूक' म्हणून खोडू नये. गुब्बच्ची, पिच्चुक, घरचटिआ ही सगळी त्या पक्ष्याची खरी नावे आहेत. ती आपल्या शेजारी फळ्यावर लिहिलेली पाहून ज्या मुलाला आपली भाषा वर्गात आली असे वाटते, ते मूल पुढची मोजणी अधिक लक्ष देऊन करते, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या मोजणीत त्या मुलीच्या वहीत रोजच्या चार ते सहा चिमण्या होत्या. एका दिवसाच्या नोंदीपुढे तिने लिहिले होते: "चिमणीवर चिमणी बसली होती." आम्ही दोनदा वाचले. मग खिडकीतून बाहेर पाहिले, आणि वाक्य बरोबर होते.